सनदेतले स्वराज्य: शालेय स्वशासन आणि अमेरिकेच्या आरंभीच्या प्रतिनिधिसभा

ज्याला समाजाने अजून सज्ञान मानलेले नाही, त्याला स्वतःवर राज्य करण्याचा अधिकार असू शकतो काय, आणि असलाच तर तो त्याचा स्वतःचा असतो की कोणीतरी विश्वासाने त्याच्याकडे सोपवलेला असतो, हा राजकीय तत्त्वज्ञानातील जुना आणि अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे. स्वशासन याचा साधा अर्थ असा की, ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांनीच ते करावेत आणि ते मोडले गेल्यास निवाडाही त्यांनीच करावा. शाळेत विद्यार्थ्यांची सभा भरते, ती प्रतिनिधी निवडते, नियम करते, क्वचित तंटेही मिटवते. परंतु शाळेचा पैसा, शिक्षकांची नेमणूक आणि शेवटचा शब्द मोठ्या माणसांकडे असतो, आणि ज्या हाताने सभा दिली तो हात ती काढूनही घेऊ शकतो. म्हणूनच अशा सभेला स्वशासन म्हणावे की स्वशासनाची रंगीत तालीम, असा संशय विचारी माणसांच्या मनात येतो.

सतराव्या शतकात इंग्रजांनी उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ज्या वसाहती वसवल्या, तेथील प्रतिनिधिसभांची अवस्था आरंभी बरीचशी अशीच होती. त्या सभा कोणा कंपनीच्या, जमीनदाराच्या किंवा राजाच्या सनदेवर, म्हणजे अधिकार बहाल करणाऱ्या लेखी दस्तावर उभ्या होत्या. बहुतेक ठिकाणी त्यांचे ठराव फेटाळण्याचा अधिकार गव्हर्नरला आणि त्याच्या वरच्या सत्तेला होता, आणि सभा बोलावणे, तहकूब करणे किंवा बरखास्त करणे हेही सभासदांच्या हाती नव्हते. तरीही दीडशे वर्षांत याच सभा इतक्या पक्क्या झाल्या की त्यांना मोडण्याचा प्रयत्न ब्रिटिश साम्राज्याच्या अंगाशी आला. हे कसे घडले याचा विचार शाळेच्या संदर्भात केला, तर असे दिसते की सोपवलेले स्वशासन मुळातच खोटे नसते; मात्र ते खरे ठरण्यासाठी सोपवणाऱ्याने स्वतःलाही बांधून घ्यावे लागते, आणि ज्यांच्याकडे ते आले त्यांच्या हाती खरोखर महत्त्वाचा असा एखादा तरी विषय यावा लागतो.

वसाहत आणि मूल यांची सांगड आजची नाही. सतराव्या शतकात रॉबर्ट फिल्मर याने राजसत्तेचे समर्थन करताना राजा हा प्रजेचा बाप आहे आणि बापाची सत्ता ईश्वराने आदमला दिलेल्या सत्तेतून उतरत आली आहे, असा युक्तिवाद केला. त्याला उत्तर देताना जॉन लॉक याने बापाची सत्ता आणि राज्याची सत्ता यांची फारकत केली. मूल समतेत जन्मत नसले तरी समतेसाठी जन्मते, आणि विवेक येईपर्यंतच्या काळापुरते आईबापांचे पालकत्व हे मुलाच्या हितासाठी असलेले कर्तव्य आहे, तो मालकीहक्क नव्हे, ही लॉकची मांडणी होती. या मांडणीत पालकत्वाला शेवट आहे, आणि त्या शेवटाची तयारी करून देणे हाच पालकत्वाचा हेतू आहे.

लॉकने उघडी ठेवलेली ही वाट पुढे उलट्या दिशेनेही वापरली गेली. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व मांडताना दोन अपवाद केले: एक मुलांचा आणि दुसरा त्याच्या मते अजून बाल्यावस्थेत असलेल्या समाजांचा. मिलने उमेदीचा सारा काळ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत घालवला होता, त्यामुळे दुसऱ्या अपवादात हिंदुस्थान येतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई प्रांताच्या कारभाराचे राखीव आणि सोपीव असे दोन भाग केले, शिक्षणासारखे विषय लोकप्रतिनिधींना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे दिले आणि पोलीस व वित्त गव्हर्नरच्या हाती ठेवले. शिवाय पुढचे पाऊल केव्हा आणि कसे टाकायचे हे ब्रिटिश संसदच ठरवील, असे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटले. पात्रता आली की अधिकार मिळेल, पण पात्रता आली की नाही हे अधिकार न सोडणाराच ठरवील, या युक्तिवादातील अन्याय मराठी वाचकाला इतिहासातून चांगला ठाऊक आहे. तोच युक्तिवाद शाळेच्या कार्यालयात मुलांविषयी केला जातो, तेव्हा मात्र तो सहज पटतो, आणि म्हणूनच तो तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेतील पहिली प्रतिनिधिसभा ३० जुलै १६१९ रोजी व्हर्जिनियातील जेम्सटाउन येथील चर्चमध्ये भरली. व्हर्जिनिया कंपनी ही लंडनमधील भागधारकांची व्यापारी संस्था वसाहतीची मालक होती आणि तिच्याच आज्ञेवरून गव्हर्नर जॉर्ज यर्डली याने अकरा वस्त्यांमधून प्रत्येकी दोन असे २२ प्रतिनिधी बोलावले होते. चर्चच्या गाभाऱ्यात प्रार्थना झाली, मग एकेका प्रतिनिधीचे नाव पुकारून त्याला राजनिष्ठेची शपथ देण्यात आली, आणि वसाहतीचा सचिव जॉन पोरी सभापती म्हणून गव्हर्नरच्या समोर बसला. सभेचे पहिले काम आपल्या सभासदांची पात्रता तपासण्याचे होते. जॉन मार्टिन नावाच्या जमीनदाराच्या सनदेत त्याच्या वस्तीला वसाहतीच्या सामान्य कायद्यांतून सूट होती; जे स्वतः कायदा पाळण्यास बांधलेले नाहीत त्यांनी इतरांसाठी कायदे करू नयेत, या विचाराने त्याच्या दोन्ही प्रतिनिधींना सभेने बसू दिले नाही. सभेला पहिल्याच दिवशी सुचलेली ही गोष्ट स्वशासनाच्या तत्त्वज्ञानाचा गाभा आहे.

त्यानंतर कंपनीने पाठवलेले नियम आणि सनदा तपासण्यासाठी सभेने समित्या नेमल्या, आणि तसे करताना अतिशय जपून शब्द वापरले: यात दुरुस्ती करण्याचा किंवा यावर अंकुश ठेवण्याचा हेतू नाही, केवळ एखादा नियम वसाहतीच्या परिस्थितीशी जुळत नसला किंवा फार जाचत असला तर नम्र अर्जाने दाद मागावी एवढाच हेतू आहे, असा त्याचा आशय होता. सभेने तंबाखूचे भाव ठरवले, आळस, जुगार आणि दारूबाजी यांविरुद्ध नियम केले, आणि सभापती व सेवकांच्या मेहनतान्यासाठी सोळा वर्षांवरील प्रत्येक पुरुषाकडून एक पौंड तंबाखू घ्यावा असे ठरवले. उकाडा इतका होता की एक प्रतिनिधी अधिवेशन चालू असतानाच मरण पावला आणि ४ ऑगस्टला सभा आटोपती घ्यावी लागली. उठण्यापूर्वी मात्र सभेने कंपनीकडे दोन मागण्या केल्या: लंडनहून निर्णय येईपर्यंत येथील कायदे अमलात राहू द्यावेत, आणि कंपनीचे हुकूम मान्य किंवा अमान्य करण्याचा जो अधिकार सभेला देण्याचे आश्वासन होते ते पाळावे. दोन वर्षांनी, १६२१ च्या फर्मानात, वसाहतीचा कारभार नीट बसल्यावर कंपनीचे हुकूम सभेच्या संमतीशिवाय बंधनकारक राहणार नाहीत, असे कंपनीने लिहून दिले. नम्र अर्जापासून परस्पर संमतीपर्यंतचे हे अंतर सभेने बंडाने कापलेले नव्हते; दिलेला शब्द लक्षात ठेवून आणि त्याची आठवण करून देऊन ते कापले गेले.

मॅसॅच्युसेट्समध्ये हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे घडली. तेथील प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधील कर्मकांड कमी करून धर्म शुद्ध करू पाहणारे लोक, १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप याच्या नेतृत्वाखाली आले. सनदेप्रमाणे कायदे करण्याचा अधिकार 'जनरल कोर्ट' या सर्व मताधिकारी सभासदांच्या सभेला होता, पण विन्थ्रॉप आणि त्याचे मोजके सहकारी तो आपणच चालवू लागले. १६३२ मध्ये न्यूटाउनच्या तटबंदीसाठी कर बसवला तेव्हा वॉटरटाउन गावच्या धर्मोपदेशकाने आणि वडीलधाऱ्याने लोकांना जमवून सांगितले की, अशा रीतीने पैसे देणे म्हणजे स्वतःला आणि पुढच्या पिढ्यांना दास्यात लोटण्यासारखे आहे. विन्थ्रॉपने त्यांची समजूत घातली आणि त्यांनी चूक कबूलही केली. तरी त्याच वर्षी प्रत्येक गावाने करांविषयी सल्ला देण्यासाठी दोघे निवडावेत असे ठरले. १६३४ मध्ये गावोगावच्या प्रतिनिधींनी याहून मोठी गोष्ट केली: त्यांनी मूळ सनद पाहायला मागितली. ती वाचल्यावर कायदे करण्याचा अधिकार कोणाचा हे सर्वांना कळले. कायदे करणे, कर बसवणे आणि जमिनी वाटणे हे काम जनरल कोर्टाचेच आहे असा ठराव झाला, गावांना तेथे प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क मिळाला, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत विन्थ्रॉपचे गव्हर्नरपद गेले.

या घटनेतून शाळेसाठी निघणारा बोध फार महत्त्वाचा आहे. बहुतेक शाळांत विद्यार्थी प्रतिनिधींना आपल्या अधिकाराची हद्द कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे कोणी लिहून दिलेले नसते. सहलीचे ठिकाण त्यांनी सुचवावे काय, खेळाच्या साहित्यावरील खर्च त्यांनी ठरवावा काय, शिक्षेबद्दल तक्रार त्यांनी करावी काय, हे सारे त्या त्या वेळच्या मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडलेले असते. मर्जीवर चालणारा अधिकार उदार असला तरी तो अधिकार नव्हे, कारण त्याचा धारक पुढच्या वेळी त्यावर विसंबून राहू शकत नाही. उलट अधिकार अगदी थोडा असला, पण लेखी असला आणि तो दस्त मुलांना वाचता येत असला, तर त्यातूनच पुढे बरेच काही उगवू शकते.

विन्थ्रॉपची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे, कारण शाळेतील बहुतेक प्रामाणिक शिक्षकांची बाजू तीच असते. १६४५ मध्ये हिंगहॅम गावाच्या शिबंदीवरून उठलेल्या वादात त्याच्यावर सत्तेच्या दुरुपयोगाचा आरोप झाला. त्यातून निर्दोष सुटल्यावर त्याने स्वातंत्र्यावर एक छोटे भाषण केले. स्वातंत्र्य दोन प्रकारचे असते, असे त्याने सांगितले. पहिले नैसर्गिक, म्हणजे मनाला येईल ते करण्याचे. ते पशूंनाही असते आणि ते कोणत्याही अधिकाराला जुमानत नाही. दुसरे नागरी, म्हणजे करारातून येणारे आणि जे चांगले व न्याय्य आहे तेच करण्याचे. हे अधिकाराच्या छायेतच नांदू शकते. प्रजा अधिकारी निवडते, पण निवडल्यावर त्याची सत्ता ईश्वराकडून येते, म्हणून त्याच्या चुका सोसून त्याची आज्ञा पाळली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. शिस्तीशिवाय स्वातंत्र्य नाही असे जेव्हा शाळेत सांगितले जाते, तेव्हा याच विचाराची छाया त्यावर असते, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. ज्या सभेत कोणी कोणाचे ऐकत नाही तेथे आवाज मोठा असलेल्याचेच राज्य चालते.

परंतु विन्थ्रॉपच्या आधी सात वर्षे, ३१ मे १६३८ रोजी, कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे टॉमस हुकर या धर्मोपदेशकाने त्याच धर्मग्रंथाच्या आधारे वेगळा निष्कर्ष काढला होता. सत्तेचा पाया लोकांच्या मुक्त संमतीत आहे, आणि ज्यांना अधिकारी नेमण्याचा हक्क आहे त्यांना त्या अधिकाऱ्याच्या सत्तेला सीमा घालण्याचाही हक्क आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढील जानेवारीत कनेक्टिकटच्या गावांनी स्वीकारलेल्या मूलभूत नियमांत गव्हर्नरने सभा बोलावण्यात कुचराई केली तर मताधिकारी नागरिकांनी ती स्वतः बोलवावी, आणि सभा तिच्या बहुमताशिवाय बरखास्त होऊ नये, अशी तरतूद आली. दोघेही ईश्वराला सत्तेचा उगम मानत होते. फरक एवढाच की हुकरच्या मते ईश्वराने निवडीचा हक्क देताना मर्यादा घालण्याचा हक्कही त्यासोबत दिला. शाळेतील वर्गप्रतिनिधीची निवडणूक ही विन्थ्रॉपच्या पठडीतली असते: मुले मत देतात, आणि त्यानंतर निवडलेला मुलगा शिक्षकांच्या वतीने गप्प बसलेल्या वर्गावर नजर ठेवतो. हुकरच्या पठडीतल्या निवडणुकीत तोच मुलगा वर्गाला उत्तरदायी राहील.

सभांच्या वाढीला आणखी दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली म्हणजे ठराव मांडण्याचा अधिकार. पेनसिल्व्हेनियात विल्यम पेन याने १६८२ मध्ये घालून दिलेल्या रचनेत कायद्याचा मसुदा गव्हर्नर आणि त्याचे मंडळ करी, आणि लोकांच्या सभेने फक्त होकार किंवा नकार द्यायचा असे. पेन हा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा उदारमनाचा अनुयायी होता, तरीही या रचनेविषयी सभेत सतत असंतोष राहिला आणि अखेर १७०१ च्या सनदेने मसुदा मांडण्याचा हक्क सभेला मिळाला. मेरीलँडमध्ये जमीनदार लॉर्ड बाल्टिमोरने पाठवलेले कायदे १६३८ च्या सभेने जसेच्या तसे घेण्याचे नाकारले होते. दुसऱ्याने आखलेल्या प्रश्नावर हात वर करणे आणि प्रश्न स्वतः आखणे यांत केवढे अंतर आहे हे या सभांना लवकर उमगले. दुसरी गोष्ट म्हणजे तिजोरी. व्हर्जिनियाच्या सभेने १६२४ मध्येच ठरवले की सभेच्या संमतीशिवाय गव्हर्नरने कर बसवू नये, आणि पुढे अनेक वसाहतींत गव्हर्नरचा पगारही सभेच्या मंजुरीवर अवलंबून राहिला. गव्हर्नरकडे नकाराधिकार होता आणि सभेकडे पैसा होता. त्यामुळे दोघांनाही एकमेकांशी बोलणे भाग पडे.

शालेय स्वशासनाचा इतिहास या कसोट्यांवर पाहिला तर त्यातील यश आणि अपयश दोन्ही समजू लागते. सोळाव्या शतकात सायलीशियातील गोल्डबर्ग येथे व्हॅलेंटिन ट्रॉट्झेंडॉर्फ याने आपल्या शाळेत रोमन प्रजासत्ताकाच्या धर्तीवर विद्यार्थ्यांची सिनेट आणि न्यायासन उभे केले, पण आपल्याकडे कायमच्या सर्वाधिकाऱ्याचे पद ठेवले. १८२० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या हेझलवुड शाळेत हिल कुटुंबाने मुलांची निवडलेली समिती आणि ज्यूरीची पद्धत चालवली, आणि समितीचे नियम मुख्याध्यापकाच्या संमतीने कायदा होत. अमेरिकेत १८९५ मध्ये विल्यम जॉर्ज याने न्यूयॉर्क राज्यातील फ्रीव्हिल येथे मुलांचे छोटे प्रजासत्ताक वसवले, ज्यात मुलांचेच कायदे, न्यायालय, तुरुंग आणि नाणेही होते. त्याच सुमारास विल्सन गिल याने शाळेला नगरपालिकेचे रूप देणारी योजना मांडली, आणि ती अमेरिकी लष्करी अंमलाखालील क्यूबातही नेण्यात आली. जेथे मोठ्या माणसांना आपले सरकार निवडता येत नव्हते तेथे मुलांना महापौर निवडायला शिकवले जात होते, ही विसंगती या योजनेच्या मर्यादा पुरेशा दाखवते. महाराष्ट्रातील अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते, त्यात मुख्यमंत्र्यापासून स्वच्छतामंत्र्यापर्यंत सर्व पदे असतात आणि मतदानही गुप्त पद्धतीने होते. पण मंत्र्याच्या हाती खर्च करायला एक रुपया नसतो आणि मंत्रिमंडळाच्या ठरावाला उत्तर देण्याचे बंधन कोणावर नसते. निवडणुकीचा सराव होतो, पण शासनाचा होत नाही.

याच्या उलट उदाहरण मॅसॅच्युसेट्समध्येच, वॉटरटाउनपासून फार दूर नसलेल्या फ्रेमिंगहॅम गावी आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या सडबरी व्हॅली शाळेने न्यू इंग्लंडमधील गावसभेचा नमुना जाणीवपूर्वक घेतला. तेथे आठवड्याला शाळेची सभा भरते, विषयपत्रिका आधी लावली जाते, आणि चार वर्षांच्या मुलापासून जुन्या शिक्षकापर्यंत प्रत्येकाला एकच मत असते. सभा शाळेचे नियम करते, खर्चाचे निर्णय घेते, आणि शिक्षकांना पुढील वर्षी ठेवायचे की नाही हेही दरवर्षी मतदानाने ठरवते. नियम मोडल्याची तक्रार लेखी द्यावी लागते, तिची चौकशी वेगवेगळ्या वयाच्या मुलांची न्यायसमिती करते, आणि शिक्षकाविरुद्धची तक्रारही त्याच समितीपुढे येते. येथे जेम्सटाउनने पहिल्या दिवशी लावलेली कसोटी लागू आहे, कारण नियम करणारा कोणीही नियमाच्या बाहेर नाही. आणि तिजोरीची कसोटीही लागू आहे. इंग्लंडमधील समरहिल शाळेत, जिची स्थापना ए. एस. नील याने १९२१ मध्ये केली, अशीच सभा चालते. १९९९ मध्ये सरकारी तपासणीनंतर शाळेचे अस्तित्व धोक्यात आले आणि पुढच्या वर्षी न्यायाधिकरणापुढे तडजोडीचा मसुदा आला, तेव्हा मुलांनी लंडनच्या न्यायालयातच सभा भरवून त्यावर मतदान केले.

मात्र स्वशासन आले की न्याय आपोआप येतो, असे मानण्याची चूक करता कामा नये. जेम्सटाउनच्या त्याच सभेने टॉमस गार्नेट नावाच्या नोकराला, मालकाने केलेल्या आरोपांवरून, कान खोड्याला ठोकून चार दिवस उभे करण्याची आणि रोज फटके मारण्याची शिक्षा फर्मावली. सभेत मालक बसले होते, नोकर नव्हते. सभा उठल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्टच्या अखेरीस, पकडून आणलेल्या वीसेक आफ्रिकी माणसांना घेऊन एक जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागले, आणि पुढे याच सभेने गुलामगिरीचे कायदे केले. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून चर्चचा सभासद नसलेल्याला मत नव्हते, आणि स्त्रियांना व मूळ रहिवाशांना कोठेच स्थान नव्हते. शाळेतही हाच धोका असतो. इंग्लंडच्या निवासी शाळांतून मोठ्या मुलांच्या हाती लहानांना शिक्षा करण्याची सत्ता दिली गेली, तेव्हा तिला जबाबदारीचे शिक्षण म्हटले गेले, पण लहान मुलाच्या वाट्याला एका छडीऐवजी अनेक छड्या आल्या. बहुमत, वय, जात, बोली, पैसा यांपैकी ज्याच्या जोरावर वर्गात दादागिरी चालते, तेच बळ निवडून आलेल्या समितीत बसू शकते.

यावर वॉर्सामधील यानुश कोर्चाक याने शोधलेला उपाय विचार करण्याजोगा आहे. हा डॉक्टर आणि लेखक १९१२ पासून ज्यू अनाथ मुलांचे वसतिगृह चालवत होता, आणि तेथे मुलांचे न्यायालय व संसद होती. न्यायालयाच्या संहितेतील बहुतेक कलमे क्षमेची होती, कारण नियमाचे पहिले काम दुबळ्याला शांतपणे जगू देणे हे आहे, शिक्षा करणे नव्हे, असा त्याचा विश्वास होता. मुले त्याच्यावरही खटला भरू शकत, त्यांनी तो भरला, आणि त्याने निकाल मानला. ज्याच्याकडे सर्वांत अधिक सत्ता आहे त्याने स्वतःहून त्या न्यायासनापुढे उभे राहणे यातून मुलांना जे कळले ते कोणत्याही नागरिकशास्त्राच्या धड्यातून कळले नसते. ऑगस्ट १९४२ मध्ये त्या मुलांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेण्यात आले, तेव्हा सुटकेची संधी नाकारून कोर्चाक त्यांच्यासोबत गेला.

या तुलनेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. वसाहत ही मूल नव्हती. तेथे प्रौढ माणसे होती आणि त्यांना बालक ठरवणे हाच अन्याय होता. शाळेतील मूल मात्र खरोखर वाढत असते, त्याला जपण्याची गरज असते, आणि सहा वर्षांच्या मुलाने रस्त्याकडेचे फाटक उघडे ठेवण्याचा ठराव केला तर तो नाकारणे हे मोठ्यांचे कर्तव्यच आहे. वसाहतीचे लोक पिढ्यान् पिढ्या तेथेच राहिले, म्हणून त्यांच्या सभेला परंपरा जमवता आली. शाळेतील सभासद मात्र दर काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे प्रत्येक तुकडीला स्वशासन नव्याने शिकावे लागते, आणि इतिवृत्ताची वही नीट जपली नाही तर मिळवलेला हक्कही विस्मृतीत जातो. सर्वांत मोठा फरक ध्येयाचा आहे: वसाहतीच्या सभेला शेवटी स्वतंत्र व्हायचे होते, शाळेच्या सभेला तसे व्हायचे नसते, स्वतंत्र व्हायचे असते ते तिच्यातील एकेका मुलाला.

पण या फरकामुळे शाळेची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. पालकत्वाचा हेतू विवेक जागवणे हा असेल तर विवेक वापरायला न देता तो जागेल, असे म्हणता येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९३ मध्ये, पात्रता आली की मगच अधिकार द्यावा या युक्तिवादाचे खंडन करताना दाखवले की, स्वातंत्र्यात ठेवल्याखेरीज कोणीही स्वातंत्र्यासाठी परिपक्व होत नाही. पहिले प्रयत्न कच्चे आणि धोक्याचे असतील, पण स्वतःच्या प्रयत्नांवाचून दुसरा मार्ग नाही. आधी पात्रता आणि मग अधिकार, हा क्रम म्हणूनच तर्काच्या दृष्टीने अशक्य आहे. दुसरा एक युक्तिवाद इंग्लंडमधील टॉमस व्हेटली याने १७६५ मध्ये वसाहतींसाठी पुढे केला होता: वसाहतींचा प्रतिनिधी संसदेत नसला तरी प्रत्येक खासदार साऱ्या साम्राज्याचे हित पाहतो, म्हणून त्यांचे प्रतिनिधित्व गृहीतच धरावे. मुलांच्या बाबतीत आईबाप आणि शिक्षक नेमके हेच म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खऱ्या मायेने म्हणतात. पण माया कितीही खरी असली तरी जाच कोठे होतो हे ज्याला होतो त्यालाच आधी कळते. १९८९ च्या बालहक्क करारनाम्याने मुलाचे मत ऐकले जावे आणि वयाच्या व समजेच्या मानाने त्याला वजन मिळावे असे मान्य केले. मात्र ऐकले जाण्याचा हा हक्क म्हणजे १६१९ चा नम्र अर्ज आहे, १६२१ चे फर्मान अजून दूर आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येते. मुलाचा स्वशासनाचा अधिकार त्याचा स्वतःचाच असतो, पण तो वयाबरोबर उलगडत जाणारा असतो, आणि मोठी माणसे त्याचे विश्वस्त असतात. विश्वस्ताला ठेव हळूहळू परत करण्याचा वेग ठरवता येतो, ती बुडवता येत नाही. हे विश्वस्तपण प्रामाणिक आहे की नाही, हे ओळखण्याच्या खुणा वसाहतींच्या इतिहासाने दिल्या आहेत. सभेच्या अधिकाराची हद्द मुलांना वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली असावी. लहानसा का होईना, खर्च तिच्या हाती असावा. विषय मांडण्याचा हक्क तिला असावा. तिचा ठराव नाकारला तर मुख्याध्यापकांनी ठरलेल्या मुदतीत कारणांसह लेखी उत्तर द्यावे. तिचे नियम शिक्षकांनाही लागू असावेत. आणि ज्याला बहुमत कधीच मिळणार नाही अशा मुलालाही दाद मागण्याची जागा असावी. यातील एकाही गोष्टीला मोठा पैसा किंवा नवा कायदा लागत नाही. लागते ती मोठ्या माणसांची, आपल्या सत्तेला आपल्याच हाताने सीमा घालून घेण्याची तयारी, आणि जी शाळा ती तयारी दाखवते तिच्यातच मूल पहिल्यांदा शिकते की नियम ही दुसऱ्याची इच्छा नसून सर्वांनी मिळून दिलेला आणि सर्वांनी मिळून पाळायचा शब्द आहे.